मूळ प्रश्न टॉवेलचा होता

सोलापूर,
गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उतरवताहेत ते दिवस

चिरंजीवास आशीर्वाद.

परवा रात्री दीड वाजता तू मागवाल्यांच्या ग्रुपवरचं ते सगळं भांडण मला पाठवलंस आणि खाली एक ओळ लिहिलीस, "मास्तर, माझं काय चुकलं ते सांगा." सकाळी चहा झाल्यावर चष्मा लावला, कागद-पेन्सिल घेतली आणि 112 मेसेज पहिल्यापासून वाचले. विषय कुठे कुठे वळला तिथे खुणा केल्या.

तुझा पहिला मेसेज असा होता: टेरी, म्हणजे लूपवाल्या, टॉवेलसाठी धोट्याचा साधा माग काढून रेपियर, म्हणजे दांड्याने आडवा धागा ओढून नेणारा माग, घ्यावा का, कुणी घेतला असेल तर विजेचं बिल आणि धागा तुटण्याचं प्रमाण सांगावं. नेमका प्रश्न. याचं उत्तर देऊ शकतील अशी निदान सहा माणसं त्या ग्रुपवर आहेत, मी ओळखतो त्यांना. दोघांनी सुरुवातही केली होती. 11व्या मेसेजला सबसिडी आली, 19व्याला सरकार, 28व्याला दोन पक्ष. 40व्याला आलं, "तुला काय कळतंय बे, डिप्लोमा करून आलास म्हणून?" मग तुझं आडनाव, मग घरी कुठली भाषा बोलता ते, मग तुझ्या वडिलांचं कर्ज. शेवटच्या 72 मेसेजांत टॉवेल हा शब्द एकदाही नाही. मी दोनदा तपासलं.

लोक तुला म्हणतील, मशीनच्या गोष्टीत राजकारण आणू नये. मला ते पटत नाही. माग बदलायचा तर पैसा लागतो आणि पैशाचं गणित दिल्ली-मुंबईत ठरतं. 1999 मध्ये केंद्राने कापडधंद्यासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना आणली, 2016 मध्ये सुधारून पुन्हा आणली, मार्च 2022 मध्ये तिची मुदत संपली. त्या योजनेच्या भरवशावर ज्याने माग घेतला त्याचा हिशेब आणि आज तुझ्यापुढे आहे तो हिशेब एक कसा असेल? विजेचा दर आयोग ठरवतो, सुतावरचा कर जीएसटी परिषदेत ठरतो. सबसिडी काढणारा माणूस विषय सोडून बोलतच नव्हता. तुझ्याच प्रश्नाचा तो अर्धा भाग होता, आणि तू त्याला "इथे राजकारण नको" म्हणून गप्प केलंस. इथे त्याचा पहिला राग साठला.

आता 33वा मेसेज काढ. सायझिंगवाल्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या, अण्णांनी विचारलंय, "तुम्ही मशीन विकणाऱ्यांचे एजंट आहात का?" तुला हा अपमान वाटला. मला नाही वाटत. यंत्राची शिफारस करणाऱ्याला त्यात काही मिळतं का, हे विचारायचा हक्क प्रत्येक मागवाल्याला आहे. आपल्या मागवाल्यांच्या पूर्व भागात अशा शिफारशींवर विसंबून कर्जात गेलेली घरं मी पाहिली आहेत, अण्णांनीही पाहिली असतील. "नाही, स्वतःच्या शेडसाठी विचारतोय" एवढं उत्तर पुरलं असतं. तू लिहिलंस, "तुमच्यासारख्यांची लायकी जुन्या मागावरच बसायची आहे." बाळा, माणसावर पहिला घाव तुझा आहे. 40व्या मेसेजवाला तुझ्यानंतर आला. त्याची भाषा जास्त घाण होती, म्हणून पहिला तोच होता असं तुला वाटतंय.

आडनाव आणि भाषा काढणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. ज्या गावाच्या चार हुतात्म्यांची नावं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन आहेत, ज्या गावात एका शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांत मागवाल्याला हाक मारली जाते, त्या गावात आडनावावरून एखाद्याची अक्कल मोजणं मला सहन होत नाही. वाचताना हात थरथरला माझा. पण तू विचारलंस तुझं काय चुकलं, म्हणून मी तुझ्याच मेसेजांपाशी थांबतोय.

लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या त्या प्रणालीची, गोष्ट तूच मला सांगितली होतीस. पुढचा भाग मी नंतर वाचून काढला. जानेवारी 1992. लिनक्स लिहिणारा हेलसिंकीचा 22 वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स आणि ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम. प्राध्यापकांनी चारचौघांत लिहिलं की लिनक्सची रचना जुनाट आहे. पोराचं डोकं फिरलं, त्याने त्यांनी लिहिलेल्या मिनिक्स या प्रणालीवर आणि त्यांच्यावरही तोंडसुख घेतलं. मग लवकरच त्याने पुन्हा लिहिलं: माझा सूर चुकला, माफ करा. तांत्रिक मुद्दे मात्र त्याने सोडले नाहीत. दोघं आपापल्या मतावर ठाम राहिले. बारा वर्षांनी, 2004 मध्ये, कुणीतरी आरोप केला की लिनक्स या मुलाने एकट्याने लिहिलंच नसणार, ते मिनिक्सवरून उचललं असणार. तेव्हा जाहीरपणे पुढे येऊन हे खोटं आहे असं सांगणारा माणूस कोण होता? टॅनेनबाम. त्यांचं लिनक्सच्या रचनेबद्दलचं मत तेव्हाही बदललेलं नव्हतं.

गोष्ट इथेच थांबवली तर गोड वाटते, म्हणून उरलेलंही सांगतो. टोरवाल्ड्सची जीभ त्या एका माफीने सुधारली नाही. पुढे कितीतरी वर्षं सोबत काम करणाऱ्यांना तो ईमेलमधून फाडून खात राहिला. सप्टेंबर 2018 मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की आपल्या बोलण्याने माणसं दुखावली, कामातून काही दिवस बाजूला झाला आणि या बाबतीत मदत घेतो म्हणाला. तेव्हा त्याचं वय 48 होतं. तू 24 चा आहेस. तुझ्या हातात अजून वेळ आहे, तो वापर.

आणखी एक खूण मी लाल पेन्सिलीने केली आहे. 57वा मेसेज. तुझ्या मित्राने अण्णांच्या वयावरून आणि त्यांच्या लंगडण्यावरून लिहिलं, आणि तू त्याखाली अंगठा टाकलास. अण्णांचा पाय मागाच्या पट्ट्यात सापडून गेला, तुझ्या मित्राला ठाऊक नसेल. तुला ठाऊक होतं.

सिद्धरामेश्वरांची कथा आपल्याकडे सांगतात. सोन्नलगीत, म्हणजे आपल्याच सोलापुरात, तलाव खोदण्याचं काम चाललं होतं. शिवशरण अल्लमप्रभू आले आणि लोकांसमोर सिद्धरामांना उद्देशून बोचेल असं बोलले. कामावरच्या भक्तांनी दगड उचलले. सिद्धरामही संतापले होते. पण त्यांनी शेवटी अल्लमांचा प्रश्न ऐकला, त्याला उत्तर द्यायला लागले, आणि त्या संवादातून बसवण्णांच्या कल्याणला जायला निघाले. लहानपणी आजीकडून ही गोष्ट ऐकताना मला दगड मारणारे शूर वाटायचे. आता तलावाच्या काठावरून जाताना मनात येतं, त्या दगडांवरच सगळं थांबलं असतं तर दोघांत एक शब्दही झाला नसता. तुझ्या बाजूने दगड उचलणाऱ्याला थांबवणं तुझं काम होतं. समोरच्याला ते जमण्यासारखं नव्हतं.

हे मी कुठल्या अधिकाराने सांगतोय, तेही ऐक. आमची गिरणी बंद पडली त्या वर्षी आम्ही रोज संध्याकाळी एका टपरीवर जमायचो. दोष कुणाचा यावर वाद चालायचे: जुनी यंत्रं, मालक, युनियन, सरकार. माझा एक जोडीदार होता, बाजूच्याच खात्यातला. तो म्हणायचा युनियनने ताणलं, मी म्हणायचो यंत्रं वेळेत बदलली नाहीत. एका संध्याकाळी माझ्याकडचे मुद्दे संपले. तेव्हा मी चारचौघांत बोलून गेलो की ज्याने बायकोचे दागिने गहाण टाकलेत त्याने गिरणी कशी चालवावी हे शिकवू नये. दागिन्यांची गोष्ट त्याने मला एकट्याला, रात्रपाळीत, विश्वासाने सांगितली होती. तो काही बोलला नाही. चहाचे पैसे ठेवून उठला. अजून याच पेठेत राहतो, सकाळी दुधाच्या रांगेत दिसतो. माझ्या मुलीच्या लग्नाचा आहेर त्याने दुसऱ्याच्या हाती पाठवला. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. यंत्रांबद्दल माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं, आणि ते कुणाला सांगण्यात मला आता काही गोडी उरलेली नाही.

म्हणून आज हे कर. 33व्या मेसेजला तू दिलेल्या उत्तराबद्दल आणि त्या अंगठ्याबद्दल अण्णांना फोन कर. ग्रुपवरही लिही, कारण अपमान तिथे झाला. दोन ओळींत लिही, "पण तुम्हीही" हे शब्द त्यात नकोत. तुझ्या वडिलांचं कर्ज काढणाऱ्याला उत्तर देऊ नकोस, तो मेसेज जपून ठेव आणि त्याचं काय करायचं ते वडिलांना ठरवू दे. मेसेज पुसत बसू नकोस, पुसलेल्याचे फोटो आधीच चार फोनमध्ये गेले असतील. आणि रात्री दहानंतर तिथे काही लिहायचं नाही, निदान महिनाभर.

मग पुन्हा तोच प्रश्न टाक. रेपियर, वीज, धागा, आणि या वेळी सबसिडीचाही.

मंगळवारी सकाळी साडेसातला अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या कमानीपाशी ये. माझ्या एका जुन्या शिष्याच्या शेडमध्ये धोट्याचे माग आणि दोन रेपियर शेजारी शेजारी चालतात, दोन्हीकडे टेरीच आहे. वही आण. टेरीला दोन बीम, म्हणजे उभा धागा गुंडाळलेले रोळ, असतात, एक कापडाच्या तळाच्या धाग्याचा, एक लूपच्या धाग्याचा. प्रत्येक माग पाळीत किती वेळा थांबला आणि कुठल्या बीमचा धागा तुटून थांबला, ते आपण लिहून काढू. लूपच्या बीमवर जास्त तुटत असेल तर आधी खळ आणि ताण बघावा लागेल, नवा माग नंतर. खळीतलं अण्णांइतकं मला कळत नाही. फोन करशील तेव्हा त्यांनाही मंगळवारचं सांग. मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी तिघांपुरती बांधून घेतो.

तुझे,
मास्तर