‘पाठमोरे’ की ‘पाठीला पाठ’?

प्रश्न सांगलीत उपयोजित कला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. वर्गात तिला काल्पनिक रोमँटिक कॉमेडीचं पोस्टर करायचं आहे, आणि त्याआधी अशा चित्रपटांची पोस्टरं बघून मराठीत विश्लेषण लिहायचं होतं. तिने लिहिलं, ‘नायक-नायिका पाठमोरे उभे आहेत.’ सरांनी ‘पाठमोरे’भोवती लाल गोल केला. तिचं म्हणणं, दोघांच्या पाठी एकमेकांकडे आहेत, मग शब्द चुकला कुठे? जोडीला दोन छोटे प्रश्न: रोमँटिक कॉमेडीला ‘प्रेमविनोदी’ म्हणावं का, आणि टॅगलाइनला, म्हणजे पोस्टरवर नावासोबत येणाऱ्या छोट्या ओळीला, ‘घोषवाक्य’ चालेल का?

सरांचा गोल योग्य जागी आहे. पाठमोरा म्हणजे ज्याची पाठ बघणाऱ्याकडे आहे तो. यातला ‘मोरा’ म्हणजे मोहरा, अर्थात तोंड किंवा पुढची बाजू. ‘त्यांनी आपला मोहरा दुसरीकडे वळवला’ असं आपण सहज म्हणतो, तोच हा मोहरा. आयर्विन पुलाच्या कठड्याशी कुणी कृष्णेचं पाणी बघत उभा असेल, तर पुलावरून जाणाऱ्याला तो पाठमोरा दिसतो. खाली नावेत बसलेल्याला त्याच माणसाचं तोंड दिसतं, त्याच्या लेखी तो पाठमोरा नाही. दोन माणसांचं आपापसातलं नातं या शब्दात नसतंच. नातं असतं ते माणसाचं आणि बघणाऱ्याचं.

म्हणून तुमचं वाक्य वाचून, ते पोस्टर न बघितलेला माणूस काय कल्पना करेल? एक वेणी, एक शर्टाची पाठ, दोघं लांब कुठेतरी बघत चाललेली. असं चित्र हळव्या प्रेमकथेच्या किंवा प्रवासाच्या चित्रपटाला शोभेल. रोमँटिक कॉमेडी सहसा चेहरे लपवत नाही. तिला चेहऱ्यांची गरज असते, कारण विनोद भुवईत, ओठाच्या कोपऱ्यात आणि वैतागलेल्या नजरेत दिसतो.

मग या ठेवणीला काय म्हणायचं? इथे मराठी फार उदार आहे, आणि प्रत्येक प्रयोगाचा अर्थ वेगळा आहे. ‘एकमेकांकडे पाठ करून’ म्हटलं की दोघांमध्ये अंतर आलं, कदाचित अबोलाही. ‘पाठ फिरवून’ म्हटलं की सरळ नकार आला. पाठ फिरवणं म्हणजे साथ सोडणं. ‘पाठीला पाठ लावून’ म्हटलं की उलट आधार आला. चारही बाजूंनी वेढलेले दोन लढवय्ये पाठीला पाठ लावून लढतात, कारण एकाच्या पाठीची काळजी दुसरा घेतो. ‘पाठराखण’ या शब्दातही पाठीचा हाच अर्थ आहे.

आता पोस्टर पुन्हा बघा. दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना, हाताची घडी, कपाळावर आठी, म्हणजे भांडण. पण पाठी टेकलेल्या, एकाने अंग काढून घेतलं तर दुसरा पडेल, म्हणजे भरवसा. तोंड ‘पाठ फिरवली’ म्हणतं आणि अंग ‘पाठीला पाठ लावली’ म्हणतं. रोमँटिक कॉमेडीची सगळी गोष्ट या एका ठेवणीत मावते: आत्ता पटत नाही, पण शेवटी पटणार. ही ठेवण वर्षानुवर्षं का टिकली, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. ‘प्रिटी वुमन’ या हॉलीवूडपटाचं (1990) पोस्टर याचं ठळक उदाहरण आहे. मागे पांढरी पार्श्वभूमी, दोघांच्या पाठी टेकलेल्या, आणि तिच्या हातात त्याचा टाय. त्या टायमुळे पारडं कुणाचं जड आहे तेही कळतं. तुमच्या विश्लेषणात अशा एखाद्या वस्तूवर दोन वाक्यं जास्त खर्च करा. कोण ओढतंय, कोण ओढलं जातंय, हे लिहिलं की निम्मं विश्लेषण झालं.

नजरेसाठीही नेमके शब्द घ्या. ‘ते बघत आहेत’ याने काहीच कळत नाही. गंभीर प्रेमकथेच्या पोस्टरवर बहुधा नजरेला नजर भिडलेली असते, कपाळं जवळ आलेली असतात, आणि आपण तिथे परके असतो. रोमँटिक कॉमेडीत निदान एक जण तरी आपल्याकडे बघतो, जणू आपल्याला सामील करून घेतो. दुसरा डोळ्याच्या कोपऱ्यातून जोडीदाराचा अंदाज घेतो. ‘तिरपी नजर’, ‘चोरटी नजर’, ‘रोखून बघणं’, ‘नजर चुकवणं’ हे प्रत्येक वेगळं आहे. चेहऱ्याच्या कोनासाठी लघुचित्रांच्या परंपरेत ‘एकचश्मी’ असा सुरेख शब्द आहे: बाजूने दिसणारा, एकच डोळा दाखवणारा चेहरा. तो बिनधास्त वापरा, सरांना आवडेल.

जाता जाता, तुमच्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे. एक पुरुष आणि एक स्त्री असं मिश्र कर्तेपद असलं की मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन घेते: नवरा-बायको ‘आली’, बहीण-भाऊ ‘भांडली’. म्हणून ‘नायक-नायिका पाठीला पाठ लावून उभी आहेत’. ‘उभे आहेत’ हल्ली सर्रास लिहिलं जातं आणि तेवढ्यासाठी कुणी गुण कापू नयेत, पण ‘उभी’ कानाला अजूनही गोड लागतं.

‘प्रेमविनोदी’ मला पटत नाही. तो शब्द उच्चारला की प्रेमावरचे विनोद डोळ्यासमोर येतात. ‘विनोदी प्रेमकथा’ म्हणा. त्यात मुख्य वस्तू प्रेमकथा आणि विनोद हा तिचा स्वभाव, हे क्रमानेच कळतं. नाट्यसमीक्षेतला ‘सुखात्मिका’ (शेवट गोड होणारं नाटक) हा शब्द छान आहे, पण त्यात प्रेम असेलच असं नाही. पहिल्यांदा ‘विनोदी प्रेमकथा’ लिहून पुढे ‘रोमँटिक कॉमेडी’ म्हणत राहिलात तरी काही बिघडत नाही.

टॅगलाइनचं मात्र जरा थांबून बोलू. ‘घोषवाक्य’ हे घोष करण्यासाठी असतं. मोर्चात, प्रचारात, मोहिमेत चार लोकांनी एकसुरात म्हणावं असं. ‘बोधवाक्य’ संस्थेच्या बोधचिन्हाखाली शोभतं. पोस्टरवरची ओळ घोष करत नाही आणि बोधही देत नाही. ती गोष्टीतला पेच सांगून गप्प बसते. हे काम मराठी रंगभूमी फार पूर्वीपासून करत आली आहे, आणि तिचा एक उत्तम नमुना तुमच्या घराजवळचाच आहे. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी 1893 मध्ये एक नाटक आणलं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. मूळ बीज फ्रेंच नाटककार मोलिएरचं, इंग्रजीवाटे आलेलं. पुढे 1916 मध्ये त्याचंच ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. एक तसबीर भलत्याच हाती पडते आणि नवरा-बायको, प्रियकर-प्रेयसी सगळी एकमेकांवर संशय घेत सुटतात. रोमँटिक कॉमेडी आपल्याकडे परदेशी चित्रपटांमुळे आली असं समजणाऱ्यांनी हे नाटक जरूर वाचावं.

पण मला दाखवायचंय ते पहिलं नाव. ‘अथवा’च्या आधी माणूस, ‘अथवा’च्या नंतर पेच. ‘तसबिरीचा घोटाळा’ एवढ्या दोन शब्दांत वस्तू कळली, गोंधळ कळला, आणि हा गोंधळ जीवघेणा नाही हेही कळलं, कारण ‘घोटाळा’ म्हटलं की तो निस्तरता येतो. टॅगलाइन याहून वेगळं काय करते? शब्द म्हणून ‘टॅगलाइन’च ठेवा, तो रुळला आहे, आणि ओळ लिहिताना देवलांचा ‘अथवा’ वापरून बघा. सांगलीच्या मुलीच्या पोस्टरवर तो उसना वाटणार नाही.

रंगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. पांढऱ्या पार्श्वभूमीला ‘रिकामी’ म्हणू नका, ‘मोकळी’ म्हणा. तिथे जागा मुद्दाम सोडलेली असते: माणसं कापून ठेवल्यासारखी उठून दिसतात, अक्षरं लांबून वाचता येतात आणि मन हलकं राहतं. तुमची गोष्ट सांगलीत घडणार असेल तर पांढऱ्याच्या जागी हळदीचा पिवळा घ्यायचा मोह होईल. घ्या, फक्त एवढं ध्यानात असू द्या की मराठी डोळ्याला पिवळा दिसला की आधी सांगलीची हळदीची बाजारपेठ नाही, लग्नाची हळद आठवते, आणि शेवट पोस्टरवरच फुटतो. मी असतो तर पिवळा एकाच वस्तूला दिला असता, पाठीला पाठ लावलेल्या दोघांपैकी एकाच्या हातातल्या वस्तूला.

आणि तळाची श्रेयनामावली, म्हणजे कलाकार-तंत्रज्ञांची नावं. परदेशी पोस्टरांवर ती उंच, अंग चोरलेल्या अक्षरांत असते. याचं एक कारण करारात आहे: नावाचा आकार शीर्षकाच्या अमुक प्रमाणात हवा असं ठरलेलं असतं, मग उंची राखून रुंदी कमी केली जाते. देवनागरीत ही युक्ती जशीच्या तशी जमत नाही. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, मध्ये शिरोरेषा. अक्षर फार दाबलं की ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांत मिसळतात, आणि ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. तेव्हा दोन ओळींत थोडी जास्त हवा सोडा, नावं कमी ठेवा आणि 27 बाय 40 इंचांच्या, म्हणजे हॉलीवूड पोस्टरच्या नेहमीच्या, प्रमाणात एकदा छापून हातभर अंतरावरून वाचा.

तुमचं मूळ वाक्य मी असं लिहीन: ‘नायक-नायिका पाठीला पाठ टेकवून उभी आहेत, तिची नजर थेट आपल्याकडे, त्याची तिरपी, तिच्याकडे.’ ‘पाठमोरी’ हा शब्द जपून ठेवा. एखाद्या पोस्टरवर दोघं खरंच आपल्याकडे पाठ करून कृष्णाकाठी बसलेली सापडली, तर तिथे त्याच्याइतका नेमका दुसरा शब्द मिळणार नाही.