एक्सेलची फाइल आर या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत घेताना
घाबरू नकोस गं. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या भावाचीच फाइल ना? आधी एक्सेलमध्ये उघडून नुसती बघ. रकान्यांची नावं चौथ्या ओळीत असतील तर वाचताना ‘स्किप’ या पर्यायाला ३ दे, म्हणजे वरच्या तीन ओळी वगळल्या जातील. वाचायला रीडएक्सेल हे पॅकेज (आरला जोडायचा तयार संच) पुरे. शीट सांगितली नाहीस तर पहिलीच उचलली जाते, नवखे इथेच फसतात.

वाचून झालं की लगेच रकान्यांचे प्रकार तपास. भावाच्या रकान्यात कुणी एका सेलमध्ये ‘आवक नाही’ लिहिलं, की अख्खा रकाना मजकूर होऊन बसतो. माझी यात एक दुपार गेली, तीही नागपुरातल्या मे महिन्यातली! असे शब्द एनए (म्हणजे ‘माहिती नाही’) म्हणून आधीच सांगून टाक. तारखेच्या जागी ४५२९२ दिसलं तर दचकू नकोस, एक्सेलच्या दिवसांच्या मोजणीत ती १ जानेवारी २०२४ आहे. मूळ फाइलला मात्र हात लावायचा नाही. लूप-बिप (तेच काम आपोआप पुन्हा पुन्हा करून घेणं) नंतर बघू.