ब्रोकरने फक्त फ्लॅट दाखवला, व्यवहार आम्ही थेट मालकाशी केला. कमिशन द्यावंच लागेल का?

‘फक्त दाखवला’ हे वाचलं आणि राहवलं नाही. डोंबिवलीत अकरा वर्षं मी ब्रोकर म्हणून रिसेलची, म्हणजे जुने फ्लॅट विकून द्यायची, कामं करते.

2019 साली एका जोडप्याला पूर्वेला वन बीएचके दाखवला. शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सोसायटीचा सभासद असल्याचा दाखला, अजून मालकाच्या वारलेल्या वडिलांच्याच नावावर. ते बदलून घ्यायला तीन रविवार सोसायटीच्या ऑफिसात मी बसले, जुनं नॉमिनेशन (वारस नेमल्याचा कागद) शोधून काढलं, सेक्रेटरीच्या मागे लागून सह्या घेतल्या. 46 लाखांना दोन्हीकडून होकार आला आणि मग फोन बंद. “सध्या थांबलोय, ताई.” महिन्याभराने दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर रजिस्ट्रेशनला गेले, तर बाकावर हेच दोघं, शेजारी मालक. तिच्या मांडीवर माझीच हिरवी फाइल, वर माझ्या अक्षरात कागदांची यादी.

घरी सांगितलं तर दीर म्हणतात, “वहिनी, कुलूप उघडून दाखवायचे कोणी एक टक्का, म्हणजे 46 हजार देतं का?”

भावोजी, कुलूप उघडायचे नाहीच देत. 1872 च्या करार कायद्याचं कलम 219 सांगतं की वेगळं ठरलं नसेल तर काम पुरं झाल्यावरच एजंटचा मेहनताना देय होतो. काम कोणतं, ते ठरलेल्या शब्दांवर. ‘खरेदीखत झाल्यावर’ ठरलं असेल तर त्याआधी मागायचे नाहीत. ‘गिऱ्हाईक आणून दे’ ठरलं असेल, तर त्या भावाला घ्यायला तयार, पैशाची सोय असलेलं गिऱ्हाईक आणलं की काम झालं. 1950 साली कोलकात्याच्या एका मिळकतीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं. मालकाने दलालाला बाजूला सारून परस्पर विकलं होतं, तरी दलाली द्यावी लागली.

हां, तो दावा मालकावर होता. तुम्ही स्वतः काहीच कबूल केलं नसेल तर तुमच्याकडून वसूल करणं ब्रोकरला जड जाईल. मलाही त्या जोडप्याकडून एक रुपया मिळाला नाही. मालकाने निम्मे दिले, तेही मालकाचाच ‘एक टक्का नक्की’ हा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज समोर धरल्यावर. आणि फ्लॅट रेरा (बांधकाम प्रकल्पांचा कायदा) खाली नोंदलेल्या नव्या प्रोजेक्टमधला असेल तर ब्रोकरचा महारेरा नंबर, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक, आधी विचारा. तिथे नोंदणीशिवाय त्याला काम करताच येत नाही.

पण त्याच्यामुळेच ते घर तुम्हाला कळलं असेल, तर त्याने नोटीस पाठवायची वाट बघू नका. आज फोन करा आणि आकडा ठरवा.