हे तुला कुठून कळलं?

प्रिय बाय,

काल रात्री साडेदहाला तुझा मेसेज आला, ‘सर, फक्त सहा टक्के!’ आणि पुढे नाचणाऱ्या तीन बाहुल्या. लघुप्रबंध वाङ्मयचौर्याच्या तपासणीतून सुखरूप बाहेर पडला, तुझा जीव भांड्यात पडला, हे समजलं. पण आज सकाळी तुझं दुसरं प्रकरण घेऊन सोप्यावर बसलो आणि चहा तसाच निवून गेला. फोनवर सांगितलं तर तू ‘हो सर, हो सर’ म्हणत राहशील, म्हणून लिहितो आहे.

आधी त्या सहा टक्क्यांचं बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याबद्दल नियम केले. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के निघालं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर पुन्हा सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीत धरत नाहीत. सगळ्यांना ठाऊक असलेली माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दही सोडून देतात. (त्यावरून काही हुशार मंडळींनी लगेच अर्थ काढला, की दर तेरा शब्दांनंतर एक बदलला की सुटलो.)

नियमाविषयी माझी तक्रार नाही. विद्यापीठाला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ते सॉफ्टवेअर करतं काय, तर तुझ्या शब्दांच्या ओळी आपल्या साठ्यातल्या ओळींशी जुळवून बघतं. साठ्यात जे नाही ते त्याच्या लेखी जगातच नाही. आपली कितीतरी मराठी पुस्तकं अजून कपाटातच आहेत, कुणी स्कॅन केलेली नाहीत. जी टाइप झाली त्यातली बरीच युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत. आपल्याला मराठी दिसते, संगणकाला नुसता अक्षरांचा कचरा दिसतो. मराठीच्या बाबतीत हे यंत्र अंधारात चाचपडतं. आणि उलटंही होतं. ढालोच्या, म्हणजे आपल्या गोव्यातल्या बायकांच्या लोकनृत्याच्या, गीतांवर कुणी प्रबंध लिहिला, पदोपदी श्रेय देऊन गीतं उतरवली, पण अवतरणचिन्हं घालायला विसरला, तर त्या बिचाऱ्याचे टक्के फुगतात. त्याने काही चोरलेलं नसतं.

आता तुझं पान ३१ काढ, खाजनांवरचं, म्हणजे बांध घालून भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या आपल्या सखल शेतजमिनींवरचं. ‘हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे की खाजन परिसंस्था ही एक नाजूक समतोल दर्शवते.’ बाय, असं वाक्य तू जन्मात कधी बोलली आहेस का? तुझी आई बोलली आहे? वाक्य मराठी आहे, पण त्याला परका वास येतो. हा वास मला ओळखीचा वाटला म्हणून कपाट उघडलं. खाजनांवरच्या एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तुझ्या पान ३१ पासून ३४ पर्यंतचा मजकूर त्या लेखाचा परिच्छेदामागून परिच्छेद अनुवाद आहे, आणि लेखकाचं नाव शेवटी संदर्भसूचीत एकदाच, वीस नावांच्या गर्दीत.

तू मुद्दाम केलंस असं मला वाटत नाही. ‘मी मेहनत केली, शब्दकोश उघडून रात्री जागले, म्हणजे मजकूर माझाच की’ असं तुला वाटलं असणार. गोव्यात हा मोह फार मोठा आहे, कारण आपल्या एकेका विषयाची माहिती पोर्तुगीज, इंग्रजी, कोंकणी, मराठी अशी चार घरांत विखुरलेली असते. एका घरातलं उचलून दुसऱ्या घरात ठेवलं तर कोण बघणार? पण गोवा-महाराष्ट्र सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला म्हणून बाटली कुणाची ते बदलत नाही. अनुवाद हा वाटेल तेवढा करावा, चांगलं काम आहे ते. अवतरणचिन्हांत घे, मूळ लेखक आणि पान दे, आणि कंसात ‘अनुवाद माझा’ असं लिही. तुझ्या जागरणाचं श्रेयही तुला तिथेच मिळतं.

याहून कठीण प्रकार पान ३८ वर आहे, मानशीबद्दल, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांबद्दल. मूळ लेखात साधारण असं वाक्य आहे: ‘भरतीचं पाणी चढू लागलं की मानशीची दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात, माणसाचा हात जवळजवळ लागतच नाही.’ तू लिहिलंस: ‘भरतीच्या वेळी पाणी वाढल्यावर मानशीच्या झडपा स्वतःहून बंद होतात व ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबामुळे उघडतात, मानवी हस्तक्षेपाची जवळपास आवश्यकता भासत नाही.’ दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवून बघ. क्रम तोच, स्वल्पविराम त्याच जागी, शेवटचा टोलाही तोच. फक्त चांगले शब्द काढून सरकारी शब्द घातले आहेस. वर्गात याला ‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ म्हणतात आणि तिथेच आम्ही मास्तर चुकतो. शब्द बदलणं म्हणजे स्वतःचं होणं, हे आम्हीच तुम्हांला पाचवीपासून शिकवलं.

हजारएक वर्षांपूर्वी संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त शब्दांची उचल वेगळी आणि अर्थाची उचल वेगळी, असा भेद केला आहे. अर्थाच्या उचलीचेही त्याने प्रकार पाडले. सगळा अर्थ तोच आणि फक्त वाक्यरचना निराळी, त्याला तो ‘प्रतिबिंबकल्प’ म्हणतो, आरशातली प्रतिमा. थोडी रंगसफेदी करून वस्तू निराळी भासवली तर ‘आलेख्यप्रख्य’, म्हणजे चित्रासारखं. तुझं पान ३८ प्रतिबिंबकल्प आहे. राजशेखर कवींबद्दल बोलत होता आणि कवींना तो बराच सैल सोडतो, पण त्याची नजर बघ. त्याने शब्द मोजले नाहीत.

चार लेखांतली वाक्यं घेऊन आपल्या दोन ओळींच्या टाक्याने जोडायची, ही गोधडी तर पान ४० ते ४३ वर पसरलेली आहे. तिच्याबद्दल वेगळं लिहीत नाही. समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत.

तळटीप १४ मात्र माझ्या जिव्हारी लागली. तिथे तू फिलिप नेरी शाविएर यांच्या १८५२ सालच्या ग्रंथाचं पान दिलं आहेस. गांवकरीवर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेवर, लिहिणारे सगळेच तिथे जातात, त्यात नवल नाही. पण तुला पोर्तुगीज येत नाही, आणि तो ग्रंथ तू हातात घेतला असतास तर मला चार फोटो पाठवले असतेस. ती तळटीप तू कुणाच्या तरी पुस्तकातून उचललीस. आता मजकुरातलं वाक्य तुझं आहे, शाविएरचं नावही खरं आहे, मग चोरी कसली? तर मध्ये जो माणूस दफ्तरखान्यात धूळ खात बसला, त्याच्या वाचनाची.

मला हे कळतं कारण मी तेच केलं आहे. तिशीत असताना एका वार्षिकांकासाठी फोंड्याकडे हलवलेल्या देवळांवर लेख लिहिला होता. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांचे सात संदर्भ, खंड, पान, सगळं ऐटीत. सातही एका पुस्तकातून जसेच्या तसे. अंक निघाला आणि आठवड्याने एक वृद्ध गृहस्थ घरी आले. काखेत जाडजूड खंड. चहा घेतला, लेखाचं कौतुक केलं, मग शांतपणे खंड उघडून माझ्यासमोर ठेवला. ‘हे तुमचं पान.’ त्या पानावर भाताच्या भावांचा तक्ता होता. ज्या पुस्तकातून मी उचललं त्यातच पानाचा आकडा चुकीचा छापला होता, आणि मी ती चूक स्वतःच्या नावावर करून घेतली होती. ते पुढे एक अक्षर बोलले नाहीत. जाताना खंड मात्र ठेवून गेले, म्हणाले, ‘वाचून झाला की द्या.’ मला तेव्हा ‘बोम दिया’च्या पुढे पोर्तुगीज येत नव्हतं. त्या खंडासाठी मी ते शिकलो, तेही मोडकंतोडकंच.

तेव्हा तळटीप १४ मध्ये सरळ लिही: शाविएर, अमक्यांच्या पुस्तकात उद्धृत, पान अमुक. यात कमीपणा नाही. नाहीतर पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन विचार. १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे ते, गोव्याचं जुनं छापील साहित्य तिथे नाही तर कुठे मिळणार?

आता ज्याबद्दल कुठलंही यंत्र कधीच बोलणार नाही ते. मे महिन्यात तू दिवाडी बेटावर गेलीस, फेरीबोट चुकली म्हणून उन्हात तासभर उभी राहिलीस, आणि मानस लिलावात घेतलेल्या त्या काकांबरोबर बांधावर फिरलीस. तुझी निळी वही मी पाहिली आहे. त्यात एक ओळ आहे: ‘खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं काका अनवाणी पायाने ओळखतात. माती कुठे थंड लागते त्यावरून.’ हे वाचून मी ताठ बसलो होतो. प्रबंधात तिचं काय झालं? ‘स्थानिकांकडे बांधाच्या देखभालीविषयी पारंपरिक ज्ञान असल्याचे दिसून येते.’

कुणाला दिसून येते? कुणाकडे? पुस्तक लिहिणाऱ्याला निदान सूचीत एक ओळ मिळाली, काकांना तीही नाही. छापलेलं कुणाच्या तरी मालकीचं आणि बोललेलं मात्र वाऱ्यावरचं, असं आपण धरून चालतो. तू काकांना विचार, नाव छापलेलं चालेल का. चालत असेल तर नाव, गाव, बोलणं झालं ती तारीख, हे सगळं तळटीपेत दे. नको म्हणाले तर ‘मानस चालवणारे एक शेतकरी, दिवाडी’ एवढं तरी लिही. आणि पायाची ती ओळ परत आण, देवाशपथ.

बाकीचं भराभर. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षी तू खाजनातल्या कोरगुट भातावर प्रकल्प दिला होतास, त्यातली तीन पानं इथे आली आहेत. स्वतःचं असलं तरी एकाच लिखाणावर दोनदा गुण घेता येत नाहीत. ‘पूर्वीच्या प्रकल्पावरून’ असं सांगून दोन ओळींत आटप. मैत्रिणीबरोबर मुलाखती घेतल्यास ते उत्तम, टिपणं दोघींची, पण लिहायला एका टेबलावर बसू नका. झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तयार प्रकल्पांबद्दल तुला सांगावं लागेल असं मला वाटत नाही. कॉपीराइट संपला आहे म्हणून श्रेय नको, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी छापायची मोकळीक मिळते, आपल्या नावावर खपवायची नाही. ज्ञानोबांची ओवी कुणीही छापावी, पण खाली सही ज्ञानोबांचीच.

आणि ते चॅटबॉट. तू वापरतेस हे मला ठाऊक आहे, माझा नातूही वापरतो. विद्यापीठाचा त्याबद्दलचा नियम विचारून घे आणि वापरलंस तर कुठे, ते लिही. पण संदर्भ कधीही मागू नकोस त्याच्याकडे. ते जन्मालाच न आलेल्या पुस्तकाचं पानसुद्धा ठणठणीत आत्मविश्वासाने देतं. माझ्याकडे निदान भाताचा तक्ता तरी निघाला.

टिपणं कशी घ्यावीत ते एकदा विचारलं होतंस. फोनने पानांचे फोटो काढतेस ना, तर आधी मुखपृष्ठाचा आणि आतल्या शीर्षकपानाचा फोटो काढायचा, मग मजकुराचा. निम्मी उचलेगिरी पाच महिन्यांनी ‘हे कुठलं पान बरं?’ या प्रश्नातून जन्मते. वहीत दुसऱ्याचे शब्द निळ्या शाईने, अवतरणचिन्हांसकट. आपलं म्हणणं काळ्या शाईने. आणि परिच्छेद लिहायचा तेव्हा पुस्तक मिटून दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं. आठवत नसेल तर अजून समजलेलं नाही, परत जाऊन वाचायचं. लिहून झालं की प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, हे मला कुठून कळलं? उत्तर माणूस असेल, पुस्तक असेल किंवा तू स्वतः बांधावर उभी असशील. उत्तरच सापडलं नाही तर वाक्य खोडायचं.

सादर करायला अजून तीन आठवडे आहेत, म्हणजे दुसरं प्रकरण नव्याने लिहायला पुरेत. टक्के कदाचित वाढतील, कारण आता अवतरणं उघडपणे येतील. वाढू देत.

रविवारी दहाच्या सुमारास ये. छापलेला प्रबंध नको, निळी वही आण. शाविएर मी कुणाकडून तरी मिळवून ठेवतो, तळटीप १४ चं पान आपण दोघं मिळून लावू. जेवायला इथेच थांब, काकीने माशांचं हुमण करायचं ठरवलं आहे.

तुझा,
सर