किल्ली लावेपर्यंतही धीर धरवत नाही

प्रश्न : वय ५४. घराच्या दाराशी आले की लघवीची इतकी घाई होते की बाथरूम गाठण्याआधीच कपडे ओले होतात. खोकताना-शिंकताना मात्र काही होत नाही. भीतीने तासातासाला जाऊन येते, पाणीही कमी केलंय. तरी फरक नाही. काय करू?

उत्तर : खोकताना होत नाही हे लिहिलंत ते बरं केलंत. खोकताना गळतं तेव्हा मूत्रमार्गाचा आधार सैल पडलेला असतो. तुमच्याकडे बहुधा मूत्राशयाचा स्नायूच वेळेआधी आवळतो. दाराशी घाई होते ती सवयीने : किल्ली हातात आली की लघवी, हे त्याला पाठ झालंय.

तुमचे दोन्ही उपाय उलटे पडताहेत. निरोगी मूत्राशय ३०० ते ४०० मिली सहज धरतं. सारखं रिकामं केलं की थोड्याशा लघवीलाच कुरकुरू लागतं. पाणी तोडलं की लघवी दाट होऊन चुरचुरते, शिवाय बद्धकोष्ठता झाली तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. दिवसाला दीड लिटर तरी प्या. कमी करायचीच तर चहा-कॉफी करा.

आधी तीन दिवस नोंद ठेवा : वेळ, मापाच्या भांड्यात किती मिली, कधी गळलं, काय प्यायलात. ज्या अंतराने न गळता जाता येतं तिथून सुरुवात करा आणि दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवा. तीन तासांपर्यंत पोचायचंय. निदान सहा आठवडे द्या. मधे एखादा दिवस फसतोच.

घाई आली की धावू नका. बहुतेक जणी इथेच चुकतात. जागीच थांबा, जमल्यास बसा. वारा सरू नये म्हणून आवळतो तसं झटकन आवळा, सोडा. असं पाच-सहा वेळा. पोट आणि नितंब सैल, श्वास चालू. घाईची लाट ओसरली की शांतपणे चालत जा. दाराशी हे किल्ली काढण्याआधीच करा. लघवी करताना धार मधेच अडवून सराव मात्र करू नका.

हे सगळं सुरू करण्याआधी लघवीची आणि साखरेची तपासणी करून घ्या. जंतुसंसर्ग किंवा मधुमेह असला तरी अशीच घाई होते. लघवीत रक्त दिसलं, ती पूर्ण होत नाही असं वाटलं तर डॉक्टरांकडे लवकर जा. पायांत किंवा जांघेत अचानक बधिरपणा आला तर त्याच दिवशी.

सरावाने भागलं नाही तर गोळ्या आहेत. काहींनी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. मिराबेग्रॉन ही त्यातलीच एक गोळी, ती घेताना रक्तदाब पाहावा लागतो. काचबिंदू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.