खोज्यांना खलनायक ठरवायची घाई नको

चीनच्या हान घराण्याच्या दरबाराचं राजकारण वाचायला घेतलंयस ना? मग पहिल्या शतकापासून नको, थेट इ.स. १८९ पासून सुरू कर. नावांच्या जंजाळात अडकू नकोस (मीही अडकलो होतो), फक्त नाती लिहून ठेव: कोण कुणाचा मेहुणा, कुणाची बहीण राणी.

सम्राट लिंग वारला. त्याचा मेहुणा, ‘हे जिन’ नावाचा सेनापती, खाटकाच्या घरातला. युआन शाओ हा सरदार त्याच्या मागे लागला, सगळे खोजे (राजवाड्यातले खच्ची केलेले सेवक) कापून काढा म्हणून. राजमाता, म्हणजे हे जिनची बहीणच, तयार होईना. तिच्यावर दबाव आणायला हे जिननं सरहद्दीवरच्या दोंग झुओ या सेनानीला फौजेसकट राजधानी लोयांगकडे बोलावलं. काय ही अक्कल! खोज्यांनी हे जिनलाच राजवाड्यात गाठून मारलं. मग युआन शाओची माणसं आत घुसली. दोन हजारांवर मुडदे पडले, त्यात दाढी नाही म्हणून खोजे समजले गेलेले साधे पुरुषही. आणि लोयांग आयतं मिळालं दोंग झुओला.

आता मागे जा, १५९ कडे. लियांग जी या मुजोर मेहुण्याला सम्राट हुआननं पाडलं ते खोज्यांच्याच मदतीनं. राजाला दुसरं विश्वासाचं होतं कोण? पुढे उत्तर चीनचा सत्ताधीश झालेल्या त्साओ त्साओचा बापसुद्धा एका खोज्याचा दत्तक मुलगा होता, बरं का.