टॅबमधला नकाशा अर्धा करडा का दिसतो, आणि विजेट कधी रेंडर व्हावं हे ठरवायचं कसं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: रिअ‍ॅक्टमधला (पेज बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) डॅशबोर्ड, चार टॅब, एकात लीफलेटचा (नकाशे दाखवणारी लायब्ररी) नकाशा, बाकीच्यांत चार्ट. पेज उघडलं की ही सगळी विजेट एकदम रेंडर होतात, म्हणजे पडद्यावर काढली जातात, आणि पेज अडकतं, आणि नकाशाचा टॅब उघडला की वर डाव्या कोपऱ्यात एखादा तुकडा, बाकी सगळं करडं. सेटटाइमआउट (ठरावीक वेळ थांबून कोड चालवणं) लावून पाहिलंत, कधी चालतं कधी नाही.

आधी तो सेटटाइमआउट काढून टाका. ३०० मिलिसेकंद तुमच्या लॅपटॉपवर पुरतात, स्वस्तातल्या फोनवर पुरत नाहीत, मग कोणीतरी ५०० करतं, मग १०००, आणि कोडमध्ये ते आकडे तसेच पडून राहतात. मूळ भानगड वेळेची नाहीच, मापाची आहे. लीफलेट नकाशा काढताना आपल्या डिव्हची (पेजवरच्या चौकटीची) रुंदी-उंची मोजतं, त्यावरून २५६ पिक्सेलच्या किती टाइल्स (नकाशाचे चौकोनी तुकडे) आणायच्या ते ठरवतं आणि ते माप धरून बसतं. टॅब डिस्प्ले नन असेल, म्हणजे सीएसएसने पूर्ण लपवलेला असेल, तर माप येतं शून्य बाय शून्य, म्हणजे गिऱ्हाईक दुकानात नसताना शिंप्याने माप घेतल्यासारखं. नंतर टॅब उघडला तरी लीफलेटला ते कोणी कळवत नाही. खात्री करायचीय? करडा नकाशा समोर असताना एफ१२ दाबा. डेव्हटूल्स (ब्राउझरचं तपासणीचं पॅनल) बाजूला उघडलं की पेजची जागा बदलते, लीफलेट विंडोचा रिसाइझ ऐकत असतं, आणि नकाशा आपोआप नीट होतो. डीबग करायला बसलं की बग गायब, म्हणून लोक यात तासन्‌तास घालवतात.

आता उपाय. टॅब पहिल्यांदा उघडेपर्यंत आतला कंपोनंट माउंटच करू नका, म्हणजे पेजवर आणूच नका. कुठले टॅब उघडून झालेत त्यांची यादी स्टेटमध्ये (कंपोनंटने लक्षात ठेवलेल्या माहितीत) ठेवा, यादीत नसेल तर काहीच रेंडर नाही, एकदा यादीत आला की मग डिस्प्ले ननने लपवत राहा पण अनमाउंट करू नका. दर वेळी अनमाउंट केलंत तर युजरने केलेला झूम, निवडलेले फिल्टर सगळं जातं आणि टाइल्स पुन्हा मागवाव्या लागतात. पेज अडकायचं यानेच बरंचसं थांबेल. जोडीला रिअ‍ॅक्ट लेझी वापरा (१६.६ पासून आहे, २०१८), म्हणजे नकाशाची लायब्ररीसुद्धा टॅब उघडल्यावरच डाउनलोड होईल.

टॅब बूटस्ट्रॅपचे (तयार टॅब, बटणं देणारी लायब्ररी) असतील तर 'शो' आणि 'शोन' या दोन इव्हेंटांत गल्लत करू नका. 'शो' टॅब दिसायच्या आधी येतो, तिथे माप घेतलं तर पुन्हा शून्यच. 'शोन' हवा.

पण एवढ्याने भागत नाही. नकाशा एकदा नीट आला, युजर दुसऱ्या टॅबवर गेला, तिथे त्याने विंडो लहान-मोठी केली किंवा फोन आडवा केला, की लपलेल्या नकाशाने पुन्हा शून्य माप घेतलं! म्हणून नकाशाच्या डिव्हवर रिसाइझ ऑब्झर्व्हर (डिव्हचा आकार बदलला की कळवणारी ब्राउझरची सोय) लावा, आणि रुंदी शून्यापेक्षा जास्त असेल तेव्हाच इनव्हॅलिडेट साइझ (माप पुन्हा घ्यायला लावणारं लीफलेटचं फंक्शन) चालवा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे, बाकी सगळं वेग वाढवायला. चार्ट जेएस (चार्ट काढणारी लायब्ररी) असेल तर नव्या व्हर्जन्स आकारावर स्वतःच लक्ष ठेवतात, फक्त बाहेरच्या डिव्हला पोझिशन रिलेटिव्ह आणि ठरलेली उंची द्या.

एकाच टॅबमध्ये खाली खाली दहा-बारा चार्ट असतील तर इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर, म्हणजे डिव्ह नजरेत आला की कळवणारी ब्राउझरची सोय. डिस्प्ले ननमधला डिव्ह त्याला दिसतच नाही, त्यामुळे टॅब आणि स्क्रोल दोन्ही एकाच दगडात. रूट मार्जिन २०० पिक्सेल दिलंत तर चार्ट नजरेत यायच्या जरा आधीच काढायला सुरुवात होते. यात दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. रिकाम्या डिव्हला मिन-हाइट दिली नाही तर बाराच्या बारा डिव्ह शून्य उंचीचे होऊन एकाखाली एक पहिल्याच स्क्रीनमध्ये मावतात, ऑब्झर्व्हर म्हणतो सगळे दिसतायत, आणि सगळे एकदम रेंडर, म्हणजे केलं काय तर काहीच नाही. दुसरं म्हणजे स्क्रोल पेजचा नसून आतल्या एखाद्या डिव्हचा असेल तर तो डिव्ह रूट (ऑब्झर्व्हर ज्या चौकटीत बघतो ती) म्हणून द्यावा लागतो, नाहीतर ते मार्जिन लागू होत नाही.

रिअ‍ॅक्ट १८ वर डेव्हलपमेंटमध्ये 'मॅप कंटेनर इज ऑलरेडी इनिशियलाइझ्ड' असा एरर आला तर घाबरू नका. स्ट्रिक्ट मोड (डेव्हलपमेंटमध्ये चुका पकडायची सोय) मुद्दाम इफेक्ट, म्हणजे कंपोनंट पेजवर आल्यावर चालणारा कोड, दोनदा चालवतो. क्लीनअपमध्ये (इफेक्ट आवरताना चालणाऱ्या कोडमध्ये) मॅपचं रिमूव्ह चालवा, ऑब्झर्व्हरचं डिसकनेक्टही तिथेच. स्ट्रिक्ट मोड बंद करा असा सल्ला कुठेतरी मिळेल, तो ऐकू नका.

आणि हो, डॅशबोर्ड ऑफिसातला असेल तर कोणीतरी साहेब त्याची प्रिंट काढणारच, तेव्हा न स्क्रोल केलेले चार्ट कोरे येतील. बिफोर प्रिंट इव्हेंटवर उरलेले चार्ट काढून घ्या, ॲनिमेशन बंद ठेवून. नकाशाच्या टाइल्स मात्र नेटवरून यायच्या असतात, त्या एवढ्यात पोचत नाहीत, त्यासाठी वेगळं प्रिंट बटण ठेवा आणि टाइल्स लोड झाल्या की मगच प्रिंट सुरू करा.